ध्वनिमुद्रणाची खोली : ओव्हरहेडमध्ये घुसलेला स्नेअर

मागच्या आठवड्यात स्नेअरच्या तोंडाशी लावलेल्या माइकबद्दल लिहिलं होतं. आज ड्रमच्या डोक्यावर टांगलेल्या दोन माइकांकडे वळू. हे ओव्हरहेड आपण लावतो सिम्बलसाठी. ऐकायला बसलं की त्यात सगळ्यांच्या पुढे स्नेअरच ठणठणत असतो.

ऑगस्ट २०२३च्या अखेरीस अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील यांचं उपोषण सुरू झालं. तिथल्या बातम्या टीव्हीवर पाहिलेल्यांना हा प्रकार नवा नाही. बोलणाऱ्याच्या तोंडासमोर माइकांचा झुबका, आणि घोषणा सुरू झाल्या की त्याच माइकांत शब्द बुडालेले. माइकला कोण बोलतंय हे कळत नाही. त्याला कळतं ते अंतर, दिशा आणि जोर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून बातमीदार माइक ओठांपर्यंत नेतो. ओव्हरहेडला ही सोय नाही. सिम्बलच्या फार जवळ नेला तर तिच्या प्रत्येक झुलण्याबरोबर आवाज वरखाली होतो, आणि सबंध सेटचं चित्रही हातचं जातं.

माझं मत असं, की ओव्हरहेडमधला स्नेअर हा मुळात दोष नाहीच. लेड झेपलिनच्या १९७१ सालच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चे ड्रम अँडी जॉन्स यांनी एका जुन्या घराच्या जिन्यात, वरून टांगलेल्या दोन रिबन माइकांवर घेतले. स्नेअरला वेगळा माइक नव्हता. तरी तो आवाज आजही लोक नमुना म्हणून लावून ऐकतात. तेव्हा मिक्सला बसताना आधी स्नेअरचा जवळचा माइक बंद करा आणि फक्त ओव्हरहेड ऐका. जे कमी पडतं तेवढंच जवळच्या माइकातून घाला. आपली मुलं नेमकं उलटं करतात: जवळचा माइक चढवतात, त्यावर ओव्हरहेड टाकतात आणि मग स्नेअर डोक्यात जातो म्हणून ओव्हरहेडला दोष देतात.

दोन्ही एकत्र केल्यावर स्नेअर पोकळ वाटू लागला, तर मोजपट्टी काढा. जवळचा माइक कातड्यापासून ५ सेंटिमीटरवर आणि ओव्हरहेड १ मीटरवर असेल, तर फरक ९५ सेंटिमीटरचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ओव्हरहेडला तोच ठोका सुमारे २.८ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्या उशिराने दोन्ही लहरी १८० हर्ट्झच्या आसपास एकमेकींना खातात, आणि बऱ्याच स्नेअरचं अंग तिथेच असतं. आधी एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून पाहा. कान भरला तर तसंच ठेवा. नाहीतर जवळचा ट्रॅक तेवढा मागे सरकवा. ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात ते १३३ सॅम्पल होतात.

एवढं करूनही ठोका टोचतच असेल, तर साइडचेन. ओव्हरहेडवर कॉम्प्रेसर लावायचा आणि त्याला चावी द्यायची स्नेअरच्या ट्रॅकची. ठोका पडला की ओव्हरहेड ३-४ डेसिबल दबतो आणि लगेच उठतो. अटॅक एक मिलिसेकंदाच्या आत, रिलीज ६० ते १०० मिलिसेकंद, इथून सुरुवात करा. गोची अशी, की स्नेअरबरोबर क्रॅश वाजली तर तीही दबते आणि कानाला हिसका जाणवतो. म्हणून सगळा ओव्हरहेड दाबण्यापेक्षा डायनॅमिक ईक्यूने २ ते ५ किलोहर्ट्झमधला चटका तेवढा दाबलेला बरा. चावीच्या ट्रॅकमध्ये हाय-हॅट गळत असेल तर तिच्यामुळेही कॉम्प्रेसर हलतो. चावीला आधी गेट लावा. गेट फार कडक केला, तर हलके ठोके चावीपर्यंत पोचणार नाहीत. ते दबले नाहीत तरी काही बिघडत नाही.

खरं काम मुद्रणाआधीचं. दोन्ही ओव्हरहेड स्नेअरच्या मध्यापासून सारख्या अंतरावर हवेत. सुतळीने मोजा, म्हणजे स्नेअर मधोमध बसतो. आपल्याकडच्या बुटक्या स्लॅबच्या खोल्यांत माइक छताला टेकतात आणि छतावरून परतलेला स्नेअर पुन्हा त्यांत शिरतो. माइकांच्या वर जाड गोधडी ताणून बांधा, फरक लगेच ऐकू येईल. आणि वादकाशी बोला! स्नेअर जोरात आणि सिम्बल हळू वाजवणाऱ्याचा तोल कुठलंही प्लगइन पुरता सावरू शकत नाही.

गोंधळाचं मुद्रण करणाऱ्यांनाही हे लागू आहे. तुणतुण्याच्या माइकात संबळ शिरतो, तेव्हा कार्डिऑइड माइकची पाठ संबळाकडे करा. त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं ते मागून. संबळाचा वेगळा माइक उघडायचा तो त्यानंतर, आणि लागेल तेवढाच. पुढच्या आठवड्यात बेस ड्रम घेऊ. तोवर आपलं एखादं जुनं मुद्रण काढा आणि फक्त ओव्हरहेडवर ऐकून पाहा.