गच्चीवर विमान बांधलं, मग उडायला इतकी वर्षं का लागली?

मुंबईत कांदिवलीतील चारकोपमध्ये वैमानिक अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान तयार केलं. फेब्रुवारी २०१६मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. उडायला मात्र २०२० उजाडलं.

अडचण कुठे आली?
विमान तयार असून चालत नाही, आधी त्याची डीजीसीएकडे नोंदणी लागते. ती नोव्हेंबर २०१७मध्ये झाली. उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९मध्ये मिळाली आणि ऑगस्ट २०२०मध्ये धुळ्यात चाचणी उड्डाण झालं.

अमेरिकेत काय नियम आहे?
तिथे घरी बांधलेल्या विमानांचा वेगळा वर्गच आहे. मुख्य अट ‘५१ टक्क्यां’ची. म्हणजे निम्म्याहून जास्त काम हौशी व्यक्तींनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं हवं. या अटीत बसणारं तयार किटही चालतं. कामाचे फोटो आणि नोंदी ठेवायच्या, तपासणी करून घ्यायची, मग ठरलेल्या हद्दीत सहसा २५ ते ४० तास चाचणी उड्डाणं. पैसे घेऊन प्रवासी नेता येत नाहीत.

फरक काय पडतो?
तिथल्या हौशी माणसाला पहिला रिव्हेट ठोकण्याआधीच पुढचे टप्पे माहीत असतात. यादव यांचं विमान मात्र तयार होऊन परवानगीची वाट पाहत राहिलं.