थप्पी सांगून पडते

पनवेलहून उरणकडे निघालं की वाटेत जासई लागतं. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं हे गाव. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये या भागातल्या शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मे झाले. १९८९ साली न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं आणि भातखाचरं-मिठागरांच्या या पट्ट्यात कंटेनर यार्ड, गोदामं उभी राहिली. आज तिथे माल छताला भिडेल इतका उंच रचतात आणि त्याच्या पायथ्याशी माणसं राबतात. थप्पी अंगावर आली की नोंद होते, ‘अचानक कोसळली’. हा ‘अचानक’ शब्द मला मान्य नाही.

चार मीटर उंचीवरून सुटलेलं ५० किलोचं पोतं सुमारे ०.९ सेकंदात जमिनीवर येतं, तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर असतो. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत यायला त्याहूनही कमी वेळ लागतो. ओरडून सावध करायला, बाजूला उडी मारायला तेवढा वेळ पुरत नाही. जे काही करायचं ते पोतं सुटण्याआधीच करायला हवं, आणि तेव्हा वेळ भरपूर असतो.

एक मीटर रुंद आणि चार मीटर उंच थप्पी दगडासारखी घट्ट असती, तर ती साधारण १४ अंश कलेपर्यंत उलटली नसती. गुरुत्वमध्य तळाच्या कडेबाहेर गेला की वस्तू पडते, हे आपण शाळेत शिकलो. पण खोकी दगडासारखी नसतात. थप्पी दोन-तीन अंश कलली की खालच्या खोक्याच्या एकाच कडेवर जास्त भार येतो. ती कड चेपते, म्हणून थप्पी आणखी कलते, म्हणून कड आणखी चेपते. हे चक्र कधी तासांत पुरं होतं, कधी आठवड्यांत.

त्यात आपला पावसाळा. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद प्रयोगशाळेत २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत मोजतात. जुलैत उरणच्या खाडीकाठी हवेत ८०-९० टक्के आर्द्रता असते. पुठ्ठा ती शोषून घेतो आणि ९० टक्क्यांच्या आसपास त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. मेमध्ये आठ थर पेलणारं खोकं जुलैतही आठ थर पेलेल, असं धरून चालणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळणं आहे. शिवाय पुठ्ठा सततच्या भाराखाली हळूहळू दबत जातो. रचल्या दिवशी ताठ असलेली थप्पी दोन महिन्यांनी पुन्हा पाहावी लागते ती त्यामुळेच.

खोक्याचा बराचसा भार त्याचे चार कोपरे पेलतात. कोपऱ्यावर कोपरा ठेवला तर थप्पी मजबूत होते, पण थर एकमेकांत गुंतत नाहीत. विटांसारखी सांधमोड केली तर थर गुंततात, पण वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ मध्यावर येतो. खालचे थर कोपऱ्यावर कोपरा, वरचे एक-दोन थर सांधमोड करून आणि भोवती घट्ट फिल्म, असा मध्यममार्ग बऱ्याच मालाला मानवतो.

पोत्यांची तऱ्हा निराळी. ताग तागाला धरून राहतो, प्लॅस्टिकचं विणलेलं पोतं घसरतं. आतले दाणे सरकतात ते वेगळंच. आपल्या आगरी शेतकऱ्याची भाताची उडवी आठवा: तळ रुंद, वर निमुळती, लोंब्या आत. पोत्यांच्या थप्पीचंही तसंच, प्रत्येक काही थरांनंतर बाजू थोडी आत घ्यायची. माल काढताना वरून, पायऱ्या पाडत उतरायचं. घाईत मधलं पोतं ओढलं की वरची भिंत अधांतरी राहते.

कंटेनरचं दार हा दुसरा सापळा. जहाज हेलकावे खातं तेव्हा आतल्या मालावर त्याच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत आडवा जोर येऊ शकतो, असं धरून माल बांधावा, असं माल भरण्याची २०१४ ची आंतरराष्ट्रीय संहिता सांगते. सरकलेला माल दाराला टेकून थांबलेला असतो. म्हणून दारांना आडवा पट्टा लावून आधी एकच झडप थोडी उघडायची, समोर न उभं राहता बाजूला थांबायचं आणि आत पाहायचं.

कललेली थप्पी ओळखायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. वरच्या खोक्याच्या कडेपासून दोरी सोडायची, तळाशी अंतर मोजायचं, खडूनं तारखेसह लिहायचं. आठवड्यानं अंतर वाढलेलं दिसलं, तर त्या गल्लीत कुणालाही न पाठवता थप्पी वरून उतरवायची. खालच्या खोक्याला फुगवटा, पुठ्ठ्यावर आडवी सुरकुती, तुटलेली पॅलेटची फळी, ही सगळी थप्पीची बोलणीच आहेत. हमालांच्या टोळीचा मुकादम ती सर्वांत आधी ऐकतो. महाराष्ट्रानं १९६९ मध्ये माथाडींसाठी स्वतंत्र कायदा केला, तो या माणसांचे हाल पाहूनच.

म्हणून जासई-दास्तान फाट्याच्या पट्ट्यातल्या गोदामचालकांना एक विनंती. दर मे महिन्यात पुठ्ठ्याच्या थप्प्यांचे थर कमी करा. आणि मुकादमानं ‘इथे काम थांबवा’ म्हटलं, तर त्या दिवसाची मजुरी न कापता काम थांबू द्या.