अनवाणी पाय आणि भरतीचं ग्राउंड

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडच्या रस्त्यांवर पहाटेच पावलं वाजू लागतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. कुणाच्या पायांत बूट असतात, कुणी अनवाणी. एकाला बुटानं पाय जड वाटतो, दुसऱ्याचा बुटाशिवाय गुडघा धरतो. दोघांचंही म्हणणं खरं असू शकतं, आणि ते का, हे विज्ञानाला गेल्या पंधराएक वर्षांतच नीट कळू लागलंय.

२०१० साली हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी 'नेचर'मध्ये केनियातल्या अनवाणी वाढलेल्या धावपटूंवरचा अभ्यास छापला. जाड टाचेच्या बुटात माणूस बहुधा टाच आधी टेकवतो, तर हे धावपटू बहुतेक चवड्यावर उतरत होते. टाच आदळली की हाडांतून वर चढणारा एक तीव्र धक्का बसतो. चवडा आधी टेकला, की घोटा लवतो, पोटरी ताणली जाते आणि तो सुरुवातीचा धक्का बराच बोथट होतो. सिमेंटच्या रस्त्यावर चार पावलं अनवाणी धावलात, तरी टाच स्वतःहून जपून टेकते.

तोवर क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या २००९ सालच्या 'बॉर्न टू रन' या पुस्तकानं अनवाणी धावण्याची लाट आणली होतीच. पाच बोटांचे पातळ तळव्याचे बूट धडाधड खपले. पुढे पायांना होणाऱ्या फायद्यांच्या दाव्यांवरून ते बनवणाऱ्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत खटला झाला, आणि २०१४ मध्ये तिनं साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड मान्य केली.

मधल्या काळात चित्रही गुंतागुंतीचं झालं. उत्तर केनियातले दासानाच लोक जन्मभर अनवाणी, पण २०१३ च्या अभ्यासात सोयीच्या वेगानं धावताना त्यांतले बहुतेक टाचेवरच उतरले. त्याच वर्षी अमेरिकेत नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या ३६ जणांपैकी काहींना दहा आठवड्यांत पातळ बुटांची सवय लावण्यात आली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायांच्या हाडांत, मगजाच्या जागी, सूज वाढलेली दिसली. भार कुठं जात नाही हो, तो जागा बदलतो. चवड्यावर उतरलं की गुडघ्याचं ओझं हलकं होतं, पण ते पोटरीवर, टाचेमागच्या जाड शिरेवर आणि पावलाच्या बारीक हाडांवर येतं.

दुसरीकडे, मणिपालच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये २३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळव्याचं प्रमाण ८.६ टक्के निघालं, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८. लहानपणापासून मोकळा राहिलेला पाय मजबूत होतो, याला हा मोठा आधार. तळव्यावरच्या घट्ट्यांनी पाय बधिर होतो, हा समजही चुकीचा निघाला. २०१९ च्या एका अभ्यासात घट्टे जाड असूनही स्पर्शाची जाणीव कमी झालेली आढळली नाही.

शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात मूळ असलेल्या लता भगवान करे २०१४ मध्ये बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. साठी ओलांडलेली, पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते. त्या पायांमागे शेतमजुरीची कितीतरी वर्षं होती.

भरतीच्या पोरांकडे मात्र तेवढा वेळ नसतो, म्हणूनच मला काळजी वाटते. वर्षभर बुटात सराव करायचा आणि ऐन ग्राउंडवर हलकं वाटावं म्हणून बूट काढायचे, हे पायाला न विचारता केलेलं धाडस आहे. अनवाणी धावायचंच असेल तर भरतीच्या कितीतरी महिने आधी सुरुवात करा. आधी सपाट मैदानावर पाच-सात मिनिटं, दिवसाआड, मग हळूहळू वाढवत. तुरीचं धसकट आणि सराटे उचललेली जागा निवडा; मधुमेहानं पायाची संवेदना गेलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. पावलाच्या वरच्या बाजूला एकाच जागी बोटानं दाबलं की कळ येत असेल, तर त्या दिवशी धावणं तिथंच थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांना दाखवा. ती कळ हाडाला पडलेल्या बारीक चिरेची असू शकते; अशी चीर साध्या एक्स-रेत सुरुवातीला अनेकदा दिसतच नाही, आणि 'काही नाही, चमक भरलीय' म्हणत धावलं तर हाड पुरतं मोडू शकतं.