एका ओळीवरचे शेरे

पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ८ डिसेंबर १९४१ रोजी, वॉर्नर ब्रदर्सच्या कथाविभागात एका नाटकाची संहिता येऊन पडली. नाव ‘एव्हरीबडी कम्स टू रिक्स’. लेखक मरे बर्नेट हा न्यूयॉर्कचा शाळामास्तर, सहलेखिका जोन ॲलिसन. नाटक रंगमंचावर कधी आलंच नव्हतं. स्टीफन कार्नोट या पगारी वाचकाने ते वाचून वरिष्ठांसाठी टिपण केलं: मामला भडक आहे पण सफाईदार, काळाला धरून आहे, गल्ला भरेल, बोगार्ट, कॅग्नी किंवा राफ्ट यांपैकी कुणीही चालेल. विभागप्रमुख आयरीन ली हिने निर्माता हॅल वॉलिसच्या मागे लकडा लावला आणि जानेवारी १९४२मध्ये स्टुडिओने वीस हजार डॉलर मोजून हक्क घेतले. त्याच महिन्यात स्टुडिओतलाच एक लेखक, रॉबर्ट बकनर, वॉलिसला कळवत होता की यातली गोष्टही पटत नाही आणि माणसंही. वॉलिसने ऐकलं नाही, म्हणून ‘कॅसाब्लांका’ झाला.

बकनर अगदीच चुकला होता असंही नाही. सेन्सॉर आडवं येईल हे त्याने हेरलं होतं, आणि पटकथाकारांना पुढे त्यातून वाट काढावी लागलीच. गंमत निराळीच आहे. कार्नोट काय किंवा बकनर काय, दोघांचे शेरे वॉलिससाठी होते. बर्नेटच्या हाती त्यातलं काही पडावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती.

हॉलिवुडमध्ये या टिपणाला कव्हरेज म्हणतात आणि त्याचा साचा आजही फारसा बदललेला नाही. वर नाव, लेखक, प्रकार, काळ. मग एक-दोन ओळींत गोष्ट, म्हणजे लॉगलाइन. मग सारांश, मतं आणि शेवटी निकाल: घ्या, विचार करा, सोडा. घाईतला निर्माता वरची ओळ आणि निकाल तेवढा बघतो. थोडक्यात, ज्या लॉगलाइनसाठी आजचे होतकरू पटकथाकार रात्री जागवतात, ती या कागदावर त्यांनी लिहिलेलीच नसते. ती वाचकाची असते, आणि तिच्यावरचं मतही त्याचंच.

या ओळीचा भाव वधारला टीव्हीमुळे. १९६९मध्ये एबीसी वाहिनीने दर आठवड्याला खास टीव्हीसाठी बनवलेला चित्रपट दाखवायला सुरुवात केली. त्यामागे बॅरी डिलर हा तरुण अधिकारी होता. चित्रपट एकदाच लागणार, तोंडी प्रसिद्धी व्हायला वेळच नाही. तेव्हा विषय छोट्याशा जाहिरातीत कळलाच पाहिजे. स्पीलबर्गचा ‘ड्यूएल’ (१९७१) याच मालिकेतला: हमरस्त्यावर एका साध्या मोटारवाल्याच्या मागे अजस्र ट्रक लागतो आणि ट्रकचालकाचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. संपली ओळ. ‘जॉज’च्या (१९७५) यशानंतर हीच चटक मोठ्या पडद्याला लागली. ‘एलियन’ तर ‘अंतराळातला जॉज’ एवढ्या भांडवलावर विकला गेला असं सांगतात. रॉबर्ट ऑल्टमनने १९९२च्या ‘द प्लेयर’मध्ये या सगळ्याची यथेच्छ टर उडवली. सुरुवातीच्या आठेक मिनिटांच्या सलग शॉटमध्ये ‘द ग्रॅज्युएट’चा दुसरा भाग विकायला येतो कोण, तर मूळ ‘द ग्रॅज्युएट’चा सहपटकथाकार बक हेन्री!

ओळ चटपटीत होत गेली तसे तिच्यावरचे शेरे मात्र सैल होत गेले. चक रॉस या मुक्त पत्रकाराने १९८२मध्ये ते चव्हाट्यावर आणलं. त्याने ‘कॅसाब्लांका’चीच पटकथा टंकून घेतली, जुन्या नाटकाचं नाव दिलं, लेखक म्हणून ‘एरिक डेमॉस’ असं नाव टाकलं आणि २१७ एजन्सींना पाठवली. नव्वद प्रती न वाचताच परत आल्या. तेहतीस जणांनी ओळखली. अडतीस जणांनी वाचली म्हणून कळवलं आणि नाकारली; कुणाला संवाद फार वाटले, कुणाला कथानक ढिलं. रॉसचा हा खोडसाळपणा ‘फिल्म कॉमेंट’ने छापला. नकारापेक्षाही त्या कारणांनी अस्वस्थ व्हायला होतं, कारण तीच वाक्यं कुठल्याही पटकथेला जशीच्या तशी लागू पडली असती.

दुसरी वाट तोवर सुरू झाली होती. १९८१च्या उन्हाळ्यात रॉबर्ट रेडफर्डने युटाच्या डोंगरात सनडान्सची पहिली कार्यशाळा भरवली. इथे मुरलेले लेखक नवख्याशी समोरासमोर बसून बोलत. कुणीच विकत घेणार नव्हतं, त्यामुळे निकाल द्यायची सोयच नव्हती. एक सल्लागार सांगे त्याच्या उलट दुसरा सांगे आणि काय उचलायचं ते लेखकाने ठरवायचं. शेरा पहिल्यांदा खऱ्या मालकाच्या पत्त्यावर पोचला, असं म्हणता येईल.

मग आली ब्लॅक लिस्ट. लिओनार्डो डिकॅप्रिओच्या कंपनीत काम करणाऱ्या फ्रँकलिन लेनर्डने २००५मध्ये आपल्यासारख्याच अधिकाऱ्यांना ईमेल करून विचारलं, यंदा वाचलेल्यांपैकी न बनलेल्या कुठल्या पटकथा आवडल्या? पहिल्याच यादीत ‘जुनो’ होती. पुढे ‘स्लमडॉग मिलियनेअर’, ‘द किंग्ज स्पीच’, ‘आर्गो’ आणि ‘स्पॉटलाइट’ हे यादीतले चित्रपट सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेले. २०१२मध्ये लेनर्डने संकेतस्थळ काढलं. पैसे भरा, निनावी वाचक दहापैकी गुण आणि अभिप्राय देईल. अभिप्राय आता लेखकाच्या हातात आला खरा, पण गुण आले की माणूस आधी गुणच बघतो. कव्हरेजमधला निकाल आकडा होऊन परत आला!

मुंबईत यातलं लेखी फारसं नव्हतंच. इथे चालतं ते नरेशन. लेखकाने गोष्ट रंगवून ऐकवायची आणि समोरच्याने ‘मजा आली’ किंवा ‘कुछ मिसिंग है’ म्हणायचं. त्यातून लेखकाने घरी काय न्यायचं? २००७पासून गोव्यात एनएफडीसीचा फिल्म बाजार भरू लागला आणि परदेशी निर्मात्यापुढे ठेवायची लेखी ओळ इथल्या लेखकांच्याही वाट्याला आली.

रितेश बात्राचा ‘द लंचबॉक्स’ घेऊ. ‘मुंबईतल्या दोन एकाकी माणसांची हळवी कहाणी’ असं कुणी लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. ‘छान आहे, पण पकड घेत नाही’ हा त्यावरचा शेराही खोटा नसता, फक्त निरुपयोगी. उपयोगाचा शेरा विचारतो: एकाकी कशामुळे? गाठ कशी पडते? भेटल्याने किंवा न भेटल्याने कुणाचं काय जाणार आहे? उत्तरं शोधता शोधता ओळ अशी होते: नवऱ्याचं मन वळवायला एका गृहिणीने पाठवलेला डबा चुकून निवृत्तीला टेकलेल्या विधुर कारकुनाच्या टेबलावर जातो आणि डब्यातून चिठ्ठ्यांची ये-जा सुरू होते. यातला एकही शब्द शेरा मारणाऱ्याचा नाही. ‘मग त्यांना शेवटी भेटवा की’ असं तो म्हणाला असता, तर मात्र त्याने लेखकाची खुर्ची बळकावली असती. बात्राची पटकथा इटलीतल्या तोरिनो फिल्म लॅबमधून घडून आली. पडद्यावर ती दोघं भेटतात की नाही हे सिनेमा सांगतच नाही, आणि तरीही २०१३ साली कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार त्यालाच मिळाला.