वाड्यातील देवघेव

जपानच्या ‘कॅपकॉम’ कंपनीने १९९६ साली काढलेला ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा व्हिडिओ गेम मी हाती घेतला, तो निव्वळ भिण्याच्या हौसेने. डोंगरातली हवेली, आत चालती मढी! पण वाचकहो, त्या मढ्यांहून हिशेबच अधिक छळतो. नायिका जिल हिला एका वेळी आठच वस्तू बाळगता येतात. ख्रिसला तर सहाच. बंदूक घ्यावी, किल्ली घ्यावी, की जखमेवरचा पाला?

वाट सापडते ती देवघेवीने. भिंतीवरची बंदूक काढून निघालात, की शेजारच्या खोलीचे छत खाली सरकू लागते. तिच्या जागी मोडकी बंदूक टांगली, तर घर निमूट फसते! जिल पियानोवर बीथोव्हेनची ‘मूनलाइट सोनाटा’ वाजवते, भिंत उघडते, आत सोन्याचे मानचिन्ह. ते उचलताच भिंत बंद! जेवणघरातले लाकडी मानचिन्ह तिथे बसवावे, तेव्हा सुटका. मग सोन्याचे जेवणघरात लावावे. घड्याळ बाजूला सरकते आणि मागे किल्ली!

खरी धास्ती मात्र टाइपरायटरची. झालेली वाटचाल नोंदवायची, तर दर खेपेला शाईची एक फीत खर्ची पडते, आणि फिती मोजक्याच. आता नोंदवावे, की आणखी दोन खोल्या रेटाव्या? वह्यांवर जन्मभर शाई उधळणाऱ्या मराठीच्या मास्तराला हा प्रश्न चांगलाच झोंबला. शेवटची फीत शिल्लक ठेवून मी जिलला टाइपरायटरपाशी पाव तास उभी केली होती. दाराच्या पलीकडे कोणीतरी पाय ओढीत चालले होते.