पडद्यावरचे नाव

नाव ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. मराठवाड्याला हे कोणी शिकवण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि त्या नावापायी आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राण गमवावे लागले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. तो विद्यापीठाच्या पाटीवरील नावाचा लढा होता. आज विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचा एक लढा मोबाईलच्या पडद्यावर मुकाट्याने चालू आहे.

२०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालये बंद झाली, तेव्हा माझे काही विद्यार्थी गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगाव परिसरात आपापल्या घरी परतले. वर्ग मोबाईलवर सुरू झाला. पडद्यावरील चौकोनात एकाचे नाव वडिलांचे दिसे, कारण फोन वडिलांचा होता. एका मुलीने मात्र नावाच्या जागी दोनच आद्याक्षरे लिहिली होती. हजेरीसाठी मी पूर्ण नाव लिहायला सांगितले, तर ती वर्गातून निघूनच गेली. नंतर फोनवर म्हणाली, "सर, उत्तर चुकलं की आडनावालाच हसतेत."

मी हजेरी मागत होतो आणि ती तिची जात मागितल्यासारखी ऐकत होती. यात चूक तिची नव्हती.

प्रत्यक्ष वर्गात माणूस आधी दिसतो, आडनाव नंतर कळते. पडद्यावर हा क्रम उलटतो. विद्यार्थी तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे आडनाव साऱ्या वर्गापुढे लिहिलेले असते. कॅमेरा सुरू केला की पाठीमागचे पत्र्याचे घरही वर्गात येते. मग तो कॅमेरा बंद ठेवतो आणि आपण त्याला निष्काळजी ठरवतो. अंतर्गत गुण देताना हाच ग्रह आपल्या हातात उतरतो.

विद्यापीठाला नावाचे हे सामर्थ्य ठाऊक नाही असे नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षकाला नाव कळले तर न्याय बिघडू शकतो, ही कबुलीच त्या पद्धतीत आहे. मग ऑनलाइन स्वाध्याय नावानिशी का तपासावा? शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्या विद्यार्थ्यांची यादी प्रवर्गासह वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर का टाकावी? वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, त्याच्यावर राखीव जागेचा शिक्का मारणे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समताविषयक विनियमांनी भेदभावच मानले होते. मोबाईलवरचा गट हाही वर्गच आहे.

आणि हा प्रश्न केवळ खेड्यातला नाही. एप्रिल २०२१ मध्ये खरगपूरच्या आय.आय.टी.त पूर्वतयारीच्या ऑनलाइन वर्गात एका प्राध्यापिकेने दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना शिवीगाळ केली. ती ध्वनिचित्रफीत देशाने पाहिली, पुढे त्यांना निलंबित करण्यात आले. पडदा अपमान घरापर्यंत पोहोचवतो, तसाच त्याचा पुरावाही ठेवतो.

याच पडद्याने आमच्या मुलांना दुसरेही काही दिले आहे. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी ग्रंथखंड, जे तालुक्याच्या ग्रंथालयात क्वचितच मिळत, ते आज राणीसावरगावच्या मुलालाही फोनवर उघडता येतात. कोणी स्वतःच्या छायाचित्राऐवजी बाबासाहेबांचे चित्र लावतो, नावापुढे 'जयभीम' लिहितो. लपणे आणि गर्जून सांगणे, दोन्ही एकाच अनुभवातून आलेले आहे. त्यांपैकी काय निवडावे हे विद्यार्थ्याने ठरवावे. "अस्मिता असेल तर नाव लपवू नकोस" असे तिला सुनावणारा कार्यकर्ताही तिच्यावर जबरदस्तीच करतो.

शिक्षकाने मात्र हात बांधून बसू नये. हजेरी क्रमांकाने घेता येते. कॅमेऱ्याची सक्ती टाळता येते. स्वाध्याय नाव झाकून तपासता येतो. शिष्यवृत्तीचा निरोप ज्याचा त्याला देता येतो. याला शासनाचा आदेश लागत नाही, पैसाही लागत नाही. आणि कोणी आडनावाला हसले, तर तास थांबवून त्याच क्षणी बोलावे लागते. मी त्या दिवशी बोललो नव्हतो, कारण मला ते हसू ऐकूच आले नव्हते. तिला आले होते.