इंग्रजी म्हणींच्या साहाय्याने व्याकरण व शब्दसंपत्तीचे अध्ययन

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास इंग्रजीतील 'एस' हा प्रत्यय पदवी स्तरावरही गोंधळात टाकतो. नामास तो लागल्यास सामान्यतः अनेकवचन होते. साध्या वर्तमानकाळात क्रियापदास लागल्यास मात्र कर्ता तृतीय पुरुषी एकवचनी असतो. हा भेद दोन म्हणींतून स्पष्ट करता येतो. 'मेनी हँड्स मेक लाइट वर्क' या म्हणीत कर्ता अनेकवचनी आहे, म्हणून क्रियापद 'मेक'. 'हेस्ट मेक्स वेस्ट' मध्ये कर्ता एकवचनी, म्हणून 'मेक्स'.

शब्दसंपत्तीच्या दृष्टीने पाहता, येथे 'लाइट' म्हणजे प्रकाश नव्हे, तर हलके. 'हँड्स' म्हणजे काम करणारी माणसे. दुसऱ्या म्हणीचा आशय 'अति घाई संकटात नेई' या परिचित उक्तीशी जुळतो.

तथापि प्रत्येक म्हण वाक्यरचनेचा नमुना ठरत नाही. 'लाइक फादर, लाइक सन', अर्थात 'खाण तशी माती', यात क्रियापदच नाही. अशा म्हणी केवळ अर्थासाठी घ्याव्यात. म्हण पाठ झाली म्हणजे नियम आला असे नव्हे. त्याच साच्यात विद्यार्थ्याने स्वतःचे वाक्य रचले, तरच तो आत्मसात झाला असे म्हणता येईल.